स्की रिसॉर्ट बंद झाल्यावर तिथल्या उतारावर घसरगाडी: न्यावी की नाही?

पायवाट:
मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे टाकतेय.

आमच्यापासून गाडीने सहज जाण्यासारख्या अंतरावर एक स्की रिसॉर्ट आहे. गेल्या आठवड्यात तिथला सीझन संपला. लिफ्टच्या खुर्च्या थांबल्या, तिकीटखिडकीला कुलूप लागलं, पार्किंग रिकामं झालं. पण उतारावर अजून ढीगभर बर्फ आहे आणि रस्त्यावरून तो पांढराशुभ्र पट्टा दिसतो. सीझनमध्ये तिथे घसरगाडी न्यायला सक्त मनाई असते. 'आता कोणी अडवायला नाही, म्हणजे आता चालेल' असं मुलांचं तर्कशास्त्र आहे. मुलं ६ आणि १० वर्षांची आहेत. त्यांच्या बाबाचं वय लिहीत नाही, पण तर्कशास्त्र तेच.

तर, (१) हे कायद्यात बसतं का? (२) धोका कितपत? (३) कोणी गेलं असल्यास घसरगाडी कुठली न्यावी?

खोडसाळ:
(१) कुठे बसतं, कुठे नाही. (२) भरपूर. (३) ज्याला ब्रेक आहे ती.
धागा संपला. चहा घ्या.

निवांत_नाना:
खोडसाळ, तीन ओळींत धागा संपवायला हे काय शंकासमाधान सदर आहे? लोकांना भांडू द्या की.

डोंगरवेडा:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर जमीन कुणाची आहे त्यावर ठरतं. लिफ्ट रिसॉर्टची असते, डोंगर त्यांचाच असेल असं नाही.

अमेरिकेच्या पश्चिम भागातली बरीच रिसॉर्ट्स फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी जमिनीवर परवाना घेऊन चालतात. त्यामुळे 'ही जनतेची जमीन आहे' हे म्हणणं खोटं नसतं, पण अर्धंच खरं असतं. परवान्याच्या हद्दीत ठरावीक भाग बंद ठेवण्याचे आदेश असू शकतात, आणि पायी वर चढणाऱ्यांसाठी प्रत्येक रिसॉर्टचे वेगळे नियम असतात: कुठल्या कडेने चढायचं, किती वाजेपर्यंत, कुत्रा चालेल का. स्की लावून चढणाऱ्याला परवानगी आणि घसरगाडीला बारा महिने बंदी, असंही बऱ्याच ठिकाणी आहे.

नॉर्वेत १९५७ चा कायदा आहे. लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या जमिनीवर कोणीही फिरू शकतं, मालक कोणी का असेना. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिलाय. पण तिथेही काम चालू असेल तिथे मालकाने लावलेली वाजवी सूचना पाळणं त्या जबाबदारीतच येतं. आणि जमीन सरळ खाजगी असेल तर विषयच मिटला, विचारून जा.

पायवाटताई, तुमच्या रिसॉर्टच्या संकेतस्थळावर 'पायी चढाई' असं काही पान आहे का बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं, आणि कोणीच वाचत नाही.

बिनधास्त_बाळू:
काय हे! दोन पोरं, एक प्लास्टिकची गाडी आणि रिकामा डोंगर. त्यासाठी १९५७ चा कायदा? आपण सगळे पुठ्ठ्यावर बसून टेकड्या घसरत मोठे झालो. कोपरं सोलली, घरी येऊन बोलणी खाल्ली, दुसऱ्या दिवशी परत गेलो. हल्ली मुलांना हेल्मेट घालून झोपवायचंच तेवढं बाकी आहे.

जा हो ताई. हवा छान आहे.

गणिती:
बाळू, पुठ्ठा आणि बर्फ यांत घर्षणाचा फरक आहे. थोडं गणित करतो, ज्यांना नकोय त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचा.

युरोपात निळी पट्टी (पट्टी म्हणजे स्कीसाठी आखलेला मार्ग) म्हणजे सोपा उतार, त्याची कमाल मर्यादा साधारण २५ टक्के. म्हणजे १४ अंश. दिसायला अगदी गरीब. घट्ट दाबलेल्या बर्फावर घसरगाडीचा घर्षणांक ०.०५ धरला, बसणारा आणि गाडी मिळून ८० किलो धरले आणि उतार फक्त १०० मीटर धरला, तर हवेचा विरोध वजा करूनही तळाशी वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येतो. स्कीच्या उतारावर १०० मीटर म्हणजे काहीच नाही. ते उतार काही पटींनी लांब असतात.

आता खरी गंमत. त्या वेगात तुम्ही सपाटीवर आलात आणि पाय टेकवले नाहीत, तर आपोआप थांबायला दीडशे मीटरहून जास्त मोकळी जागा लागते. आता डोळ्यांसमोर आणा, उताराच्या तळाशी काय काय असतं ते.

खोडसाळ:
लिफ्टचं स्टेशन, रांगेचे लोखंडी कठडे, हॉटेल आणि पार्किंग. त्याच क्रमाने.

बिनधास्त_बाळू:
०.०५ कुठून आणलंत? सीझन संपल्यावर बर्फ ओला, मऊ असतो. गाडी रुतते. मी स्वतः ढकलत नेलीय.

गणिती:
रास्त शंका. ०.१ घ्या, म्हणजे दुप्पट. तरी तळाशी वेग पन्नासच्या वरच राहतो. आणि मऊ बर्फ दुपारी असतो. सकाळी तोच उतार रात्रभर गोठून काचेसारखा झालेला असतो, तिथे ०.०५ सुद्धा जास्त वाटेल.

चिंगी:
मी पॉपकॉर्न घेऊन बसलेय. पायवाटच्या नवऱ्याने आयडी काढावा अशी जोरदार मागणी.

हिमकण:
मी काही हिवाळे रिसॉर्टमध्ये रात्रपाळीला काम केलंय, उतार सपाट करणाऱ्या यंत्रांच्या तुकडीत. वेग, कायदा वगैरे ठीक आहे. मला दुसरंच सांगायचंय. 'बंद' ही पाटी पर्यटकांसाठी असते. आतल्या माणसांसाठी तेव्हाच काम सुरू होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे विंचची तार. तीव्र उतारावर बर्फ सारखा करणारं यंत्र स्वतःच्या ताकदीवर चढू शकत नाही. मग वर एका पक्क्या आधाराला पोलादी तार अडकवतात आणि यंत्र त्या तारेवर स्वतःला ओढत चढतं-उतरतं. तार करंगळीएवढी जाड, लांबी सुमारे १ किलोमीटर, आणि ताण ४ टनांच्या आसपास. यंत्र टेकाडापलीकडे असेल तर तुम्हाला ना दिवा दिसतो ना आवाज येतो. तार बर्फावर निपचित पडलेली असते, कधी बर्फात बुडालेली. यंत्राने वळण घेतलं की तीच तार झटक्यात जमिनीपासून वर उचलली जाते आणि आडवी सरकते. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, कारण तो तुमच्यापासून अर्धा किलोमीटर लांब असतो. आल्प्समध्ये रात्री बंद उतारांवरून स्की करत उतरणारी माणसं या तारेने मेलेली आहेत. म्हणूनच तिथे संध्याकाळनंतर पट्ट्या बंद करण्याबद्दल एवढा कडकपणा असतो.

सीझन संपल्यावर ही यंत्रं थांबतात असं नाही. लिफ्टच्या पायथ्याचा बर्फ ढकलायचा असतो, उड्यांसाठी केलेले उंचवटे मोडायचे असतात, कुंपणं आणि जाळ्या काढायच्या असतात. आणि खांबांभोवतीचे फोमचे गादीपट्टे! ते शेवटच्या आठवड्यात उतरवून गोदामात जातात. मार्चमध्ये ज्या खांबावर आपटून माणूस उठून हसायचा, तो एप्रिलमध्ये नुसता पोलादी खांब असतो.

पायवाट:
हिमकण, हे अजिबात माहीत नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. 'दिवसा कुठे असतात यंत्रं' असं उत्तर आलं.

हिमकण:
सीझनमध्ये दिवसा सहसा नसतात, कारण दिवसा पाहुणे असतात. पाहुणे नसले की दिवस-रात्र सारखेच.

पायवाटचा_नवरा:
चिंगी यांच्या मागणीवरून आयडी काढला आहे. दोन तटांपैकी एक तट म्हणजे मी.

माझं म्हणणं इथे जरा रंगवून मांडलं गेलंय. मला डोंगराच्या टोकावरून घसरायचं नाही. सगळ्यात खाली शिकाऊ मुलांचा उतार असतो, चालत्या पट्ट्यावरून वर नेतात तो. तेवढाच. तिथे ना विंच लागते ना खांब आहेत. त्यालाही हरकत आहे का?

चिंगी:
ऐतिहासिक क्षण. धागाकर्तीच्या नवऱ्याचं सहर्ष स्वागत!

खोडसाळ:
साहेब, पहिला प्रतिसाद आणि तोही मुद्देसूद? या संस्थळावर तुमचं कसं व्हायचं?

रानवाटा:
नवरोबांचा प्रश्न चांगला आहे, पण त्याआधी एक बाजू कोणीच मांडली नाहीये म्हणून मध्ये घुसते.

बर्फ कमी झाला की घसरगाडीच्या कडा खालच्या गवताला आणि झुडपांना सोलून काढतात. स्कीच्या उतारावर मुळात झाडं तोडलेली असतात, माती धरून ठेवायला तेवढं गवतच असतं, आणि उंचावर ते पुन्हा वाढायला फार वेळ लागतो. दुसरं म्हणजे प्राणी. आल्प्समध्ये ब्लॅक ग्राऊस नावाचा पक्षी हिवाळ्यात बर्फात बिळासारखी पोकळी करून दिवसाचा बराच वेळ आत बसून राहतो, शक्ती वाचवायला. कोणी अंगावर आलं की त्याला उडावं लागतं आणि साठवलेली ताकद खर्च होते. स्वित्झर्लंडमध्ये त्यासाठी हिवाळ्यात माणसांना बंद असलेले शांतता-पट्टे आखलेत. लिफ्ट चालू असताना प्राणी त्या गजबजाटापासून लांब राहायला शिकतात. गजबज ठरावीक जागी, ठरावीक वेळी असते. लिफ्ट बंद झाली की ते परत उताराकडे येतात, आणि नेमके तेव्हाच आपण झाडीच्या कडेकडेने चढत जातो.

बिनधास्त_बाळू:
आता पक्ष्यांनाही विचारून जायचं का?

रानवाटा:
हो.

भटकी_भिंगरी:
+१ रानवाटा.

माझा प्रश्न जरा वेगळा. सगळे सीझन संपल्यानंतरचं बोलताय. सीझन सुरू होण्याआधी, पहिला बर्फ पडल्यावर गेलं तर? तेव्हा बर्फ ताजा, पिसासारखा असतो. पडलं तरी लागत नाही. मला तरी तोच काळ जास्त बरा वाटतो.

हिमकण:
माझ्या मते तो जास्त वाईट. कारणं सांगतो.

ताज्या बर्फाला तळ नसतो. वर गुळगुळीत चादर आणि खाली दगड, बुंधे, पाण्याचे चर. पाण्याचे चर काय ते बहुतेकांना ठाऊक नसतं. पावसाने आणि वितळलेल्या बर्फाने माती वाहून जाऊ नये म्हणून स्कीच्या उतारावर ठरावीक अंतराने आडवे बांध आणि त्यांच्यामागे चर खणतात, पाणी कडेला जंगलात वळवायला. जानेवारीत ते बर्फाने पूर्ण भरलेले असतात, कोणाला पत्ताही लागत नाही. नोव्हेंबरमध्ये अर्धवट भरलेले असतात. घसरगाडी तिथे पोचली की पुढचं टोक बांधावर आपटतं आणि वरचा माणूस पुढे जात राहतो.

शिवाय कृत्रिम बर्फ. हवेतली आर्द्रता धरून मोजलेलं तापमान उणे २-३ अंशांच्या खाली गेलं की बर्फ फवारणाऱ्या तोफा सुरू होतात, रात्री-अपरात्री, आणि गार रात्रींचा एक तास कोणी वाया घालवत नाही. उतारावर जोरदार दाबाचं पाणी वाहणारे नळ, जाड होज, विजेच्या केबली पसरलेल्या असतात. तोफेपुढे माणसाहून उंच ढिगारे साचतात. एका बाजूने मऊ चढ, दुसऱ्या बाजूने सरळ तुटलेला कडा. वरून येणाऱ्याला तो कडा दिसत नाही.

भटकी_भिंगरी:
बाप रे. ते ढिगारे बघून मी 'किती सुंदर' म्हणून फोटो काढलेत.

गणिती:
आणि मग वसंतातही भोकं असतातच ना? बर्फाखालून ओढा वाहत असेल तर वरचं छप्पर पातळ होत जातं.

हिमकण:
बरोबर. उताराला जिथे जिथे ओढा छेदतो, तिथे सीझनमध्ये यंत्राने बर्फ भरत राहतात. यंत्र थांबलं की चार-पाच उबदार दिवसांत तो पूल आतून पोकळ होतो. वरून पांढराच दिसतो.

डोंगरवेडा:
हिमस्खलनाचा मुद्दा राहिला. रिसॉर्ट चालू असताना गस्तीवाले पहाटे उठून स्फोटकांनी सैल बर्फ पाडतात, धोक्याचे भाग दोरी लावून बंद करतात. सीझनबाहेर हे काहीही होत नाही. तेव्हा तो उतार आणि मागचा रानटी डोंगर यांत फरक उरत नाही.

सगळ्यात जास्त हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्यामुळे 'आमचा उतार १४ अंशांचा आहे' म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी मान वर करून बघावं, आपल्या डोक्यावर काय टांगलंय. वरून सुटलेला बर्फ खालच्या सौम्य उतारावर येऊनच थांबतो. आणि वसंतातला ओला बर्फ कमी लेखू नका. २० मे २००५ रोजी कोलोरॅडोच्या अरापाहो बेसिनमध्ये, रिसॉर्ट चालू असताना, हद्दीच्या आत ओलं हिमस्खलन होऊन एक स्कीअर दगावला. गस्त असताना ही गत.

निवांत_नाना:
डोंगरवेडा, २०२० चं आठवतं का? मार्चच्या मध्यावर कोलोरॅडोतली सगळी रिसॉर्ट्स गव्हर्नरच्या आदेशाने एका रात्रीत बंद झाली आणि लोक स्की, स्नोबोर्ड घेऊन पायीच वर चढायला लागले. इतकी गर्दी झाली की काही रिसॉर्ट्सना पायी चढाईही बंद करावी लागली.

डोंगरवेडा:
हो. बचाव पथकं हात जोडून सांगत होती, सध्या घरी बसा.

चिमणाबाई:
वातावरण फार गंभीर झालंय म्हणून थोडं अवांतर. बर्फाशिवाय घसरगाडी बघायची असेल तर मदेरा बेटावर जा. मोंते नावाच्या उंचावरच्या भागातून खाली फुंशालच्या दिशेने वेताच्या टोपलीत बसून डांबरी रस्त्यावरून घसरत यायचं, साधारण २ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. खाली लाकडी पट्ट्या, मागे पांढरे कपडे आणि गवती टोपी घातलेले दोन जण. ब्रेक म्हणजे त्यांच्या बुटांचे रबरी तळवे. सीझनचा प्रश्नच नाही!

खोडसाळ:
आणि रहदारी?

चिमणाबाई:
असते. चौकात गाड्या थांबतात म्हणे.

पायवाटचा_नवरा:
मला हा पर्याय आवडला आहे.

पायवाट:
कोणी विचारलं नाही.

डॉ_काका:
जरा व्यवसायातलं सांगतो. अमेरिकेत १९९७ ते २००७ या काळाचा अभ्यास झाला होता. घसरगाडीमुळे जखमी होऊन आपत्कालीन विभागात आलेली मुलं वर्षाला सरासरी २० हजारांहून जास्त. निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच, कशावर तरी आपटणं. आणि सगळ्यात जास्त मार डोक्याला. यातल्या बहुतेक जागा साध्या टेकड्या असणार, रिसॉर्ट नव्हे.

बाळू, कोपरं सोलल्याने कोणाचं बिघडत नाही, तुमचं खरं आहे. मी हेल्मेटचा आग्रह धरतो तो खांबासाठी. पोटावर झोपून डोकं पुढे करून जाऊ देऊ नका. बसून, पाय पुढे. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या पुढ्यात बसवताना लक्षात ठेवा, आपटलात तर मागून तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. आणि गाडीतून बाहेर लोळून पडायला शिकवा. काहीतरी समोर दिसलं की गाडी सोडून द्यायची, ती जाईना का खड्ड्यात. मुलं नेमकी उलट करतात, गाडी वाचवायला तिला घट्ट धरून बसतात.

आणखी एक. सीझनमध्ये पडलात तर दहा मिनिटांत गस्तीवाला स्ट्रेचर घेऊन येतो. आता येणार नाही. फोनला रेंज आहे का, ते उतारावर जाऊन बघा, पार्किंगमध्ये नव्हे.

बिनधास्त_बाळू:
डॉक्टरसाहेब, गाडी सोडून द्यायचं पटलं. हेल्मेटही ठीक आहे. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. इथे वाचून असं वाटतंय की घराबाहेर पडूच नये. नवऱ्याने विचारलेल्या शिकाऊ उताराबद्दल एकानेही अजून उत्तर दिलेलं नाही. सगळे वरच्या डोंगराबद्दल बोलताहेत.

निवांत_नाना:
बाळूशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

हिमकण:
मान्य. मग उत्तर देतो.

शिकाऊ उतार खरंच वेगळा. सहसा ६-७ अंशांचा, रुंद, खाली मोकळी सपाटी. आमच्यातलेच कर्मचारी सीझन संपला की आपापली पोरं तिथे आणायचे. पण तीन गोष्टी बघायचे. चालत्या पट्ट्याचा सांगाडा आणि त्याची जाळी कुठे आहे. मार्गाची दोरी अजून ताणलेली आहे का. ही दोरी गाडीत बसलेल्या मुलाच्या बरोबर गळ्याच्या उंचीला येते, म्हणून हे सगळ्यात आधी. आणि वरून कुठला तीव्र उतार त्यात येऊन मिळतो का. मिळत असेल तर तिथून कोणी स्की करत भरधाव येऊ शकतं. पायी चढून उतरणारे हल्ली बरेच असतात.

आधी तो उतार खालून वर चालत जा. कडेने. चढताना पायाखाली काय लागतं ते कळतं. कुठे पाय गुडघ्यापर्यंत जातो, कुठे दगड वाजतो. जिथे पाय खचला तिथून गाडी न्यायची नाही, एवढाच नियम. आणि पोरांना अर्ध्यातूनच सोडा. टोकावरून नाही.

डोंगरवेडा:
कडेने चढण्याबद्दल +१. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या आचारसंहितेत १० नियम आहेत, त्यातला सातवा हाच: पायी चढताना-उतरताना पट्टीच्या कडेने. रिसॉर्ट बंद असलं तरी सवय चांगली.

सर्व_काही_ठीक:
गाडी कुठली, हा तिसरा प्रश्न सगळे विसरले. माझं मत ठाम आहे. प्लास्टिकची गोल थाळी नको. ती गिरक्या घेते, पाठमोरे कधी झालात कळतही नाही, आणि वळवायची सोयच नाही. हवेची ट्यूबही नको. ट्यूब मजेची असते ती ट्यूबसाठी बांधलेल्या मार्गिकेत. तिथे दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात आणि शेवटी उलटा चढ किंवा वेग मारणारे रबरी गालिचे असतात. मोकळ्या उतारावर ट्यूब म्हणजे उडी मारणारा चेंडू. (हलकं घ्या, पण खरंच नको.)

लाकडी गाडी घ्या, पोलादी पट्ट्यांची, दावोसची म्हणून ओळखतात तसली. १८८३ साली स्वित्झर्लंडमध्ये दावोस ते क्लोस्टर्स आंतरराष्ट्रीय शर्यत झाली तेव्हापासूनचा हा घाट आहे आणि अजून चालतोय. डावीकडे वळायचं तर डावा पाय बर्फावर टेकवायचा. थांबायचं तर दोन्ही तळवे सपाट, गाडीच्या बाजूला. टाच रोवायची नाही, नाहीतर सगळा बर्फ तोंडावर. ओल्या, मऊ बर्फात मात्र पोलादी पट्ट्या रुततात. तेव्हा प्लास्टिकची, पण हाताने ओढायचे दोन ब्रेक असलेली.

चिंगी:
मुळात घसरगाडीसाठीच आखलेल्या वाटा असताना लोक स्कीच्या उतारावर का जातात? स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डची 'बिग पिंटेनफ्रिट्झ' १५ किलोमीटर आहे. ऑस्ट्रियात विल्डकोगेलची १४ किलोमीटर, रात्री दिवे लावलेली.

पायवाटचा_नवरा:
कारण त्याही सीझनमध्येच चालू असतात हो.

खोडसाळ:
शिवाय ग्रिंडेलवाल्डला आधी गाडी ओढत अडीच तास वर चढायचं आहे. सहा वर्षांचं पोर अर्ध्या वाटेतच विचारेल, 'घर कुठे राहिलं?'

पायवाट:
सगळ्यांचे आभार. ताजी बातमी.

डोंगरवेडांनी सांगितलं तसं संकेतस्थळ उघडलं. पायी चढाईचं पान खरंच होतं. वरचा सगळा भाग १५ दिवस बंद, काम चालू. खालच्या भागाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून सरळ फोन लावला. बराच वेळ वाजला, शेवटी एका दुरुस्तीवाल्याने उचलला. त्याला हिमकण यांचा प्रश्न विचारला, विंच चालू आहे का. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, 'तुम्हाला विंच कशी माहीत?' त्यानंतर माणूस खुलला. वर शुक्रवारपर्यंत यंत्रं आहेत. शिकाऊ उतारावर शनिवारी जायला त्यांची हरकत नाही, जबाबदारी आपली. चालत्या पट्ट्याच्या उजव्या बाजूलाच राहायचं, डावीकडे ओढा आहे आणि तिथला बर्फ पोकळ झालाय. आणि साडेदहाच्या आधी येऊ नका म्हणाला, तोवर सगळं गोठलेलं असतं. दुपारी एकनंतर चिखल.

नवऱ्याचा दावा आहे की तो जिंकला. माझाही आहे.

रानवाटा:
ओढ्याच्या काठची झुडपंही वाचली. छान.

बिनधास्त_बाळू:
बघा! शेवटी जाताहेतच ना?

गणिती:
६ अंशांच्या उतारावर, ५० मीटरवरून, घर्षणांक ०.१ धरला तर गाडी जेमतेम सरकेल. मुलं कंटाळतील अशी गणिताची भविष्यवाणी.

हिमकण:
कंटाळत नाहीत. चढून चढून दमतात आणि गाडीतच झोपतात.

पायवाटचा_नवरा:
माळ्यावर एक जुनी लाकडी गाडी सापडली आहे. पट्ट्यांना गंज चढलाय. काय करावं?

सर्व_काही_ठीक:
बारीक सँडपेपरने गंज घासून काढा, नेहमी पुढून मागे, एकाच दिशेने. मग कोरड्या फडक्याने पुसून साधी मेणबत्ती चोळा. स्क्रू ढिले झालेत का तेही बघा, विशेषतः पुढच्या वाकलेल्या भागातले. आणि ओढायची दोरी बदला. माळ्यावरची दोरी दिसते धड, पण पहिल्या हिसक्याला तुटते.

पायवाटचा_नवरा:
मेणबत्ती कुठल्याही रंगाची चालेल?

खोडसाळ:
लाल लावा. बर्फात हरवलात तर माग काढता येईल.